आंबोली, कॅसलरॉक, पणजी : एका रेडिओच्या प्रकल्प नोंदी

२६ जानेवारी २०२५

काल पद्म पुरस्कारांची यादी आली. लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री. गेल्या मे महिन्यात त्यांनी वयाची शंभर वर्षं पुरी केली. सकाळी झेंडावंदनानंतर आमच्या सावंतवाडीच्या वाचनालयात चहाला बसलो तेव्हा विषय निघाला, आणि टेबलाभोवतीच्या निम्म्या मंडळींना हे नाव नवीन होतं. ज्यांना माहीत होतं त्यांचीही गोष्ट एका वाक्यात संपत होती : गोवा मुक्तीसाठी जंगलातून रेडिओ चालवला. कुठलं जंगल? तर सावंतवाडीहून घाट चढून गेलं की लागतं ते, आपलं आंबोली.

कार्यवाहांनी तिथेच ठरवून टाकलं. येत्या १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, खालच्या दालनात छोटं प्रदर्शन आणि त्यासोबत अर्ध्या तासाचा ध्वनिपट. लेखन माझ्याकडे. आवाजाचं सगळं काम माझ्या भाचीकडे, ती पुण्यात तेच शिकते आहे. या वहीत फक्त कामाच्या नोंदी.

९ फेब्रुवारी

आराखड्यावर पहिला वाद झाला आणि तो बरा झाला. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र : धुकं, झाडी, ट्रक, कानाला हेडफोन लावलेले दोन तरुण. माझं म्हणणं असं, की रेडिओ केंद्राचा इतिहास लिहायचा तर ते कुठून बोलत होतं यापेक्षा कोणाशी बोलत होतं ते आधी धरावं. आंबोलीचा रेडिओ आंबोलीकरांसाठी नव्हताच. तो पणजी, म्हापसा, मडगावच्या घरांसाठी होता. त्या घरांत त्याच्या आधीपासून एक रेडिओ लागत होता आणि त्याच्यानंतर तिसरा लागू लागला. त्यामुळे ही पणजी नावाच्या एका लहान शहराच्या हवेची गोष्ट आहे. जंगल त्यात मधल्या प्रकरणाला येतं.

मान्य झालं. मात्र प्रवेशाशी लावायचं मोठं चित्र धुक्याचंच असणार, तेवढी सवलत मी दिली.

२३ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण : एमिसोरा द गोवा.

पोर्तुगीज सरकारने पणजीत हे केंद्र सुरू केलं १९४६ साली. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. फलकावर या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या. एकीकडे सरकारला पहिल्यांदा घराघरात बोलता येऊ लागलं, दुसरीकडे लोकांनी पहिल्यांदा चौकात उभं राहून उत्तर दिलं. दुसऱ्या बाजूच्या हाती यंत्र यायला अजून नऊ वर्षं होती.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यातली वर्तमानपत्रं छापण्याआधी तपासली जात. लग्नपत्रिकेवरसुद्धा सेन्सॉरचा शिक्का लागे. अशा ठिकाणी रेडिओ केंद्र सरकारी असणं ओघानंच आलं. पण ते नुसतं भाषणांचं केंद्र होतं असं समजणं चूक होईल. पोर्तुगीजसोबत कोंकणी आणि मराठी कार्यक्रम होते, आणि हिंदी चित्रपटगीतं होती. ही गीतं महत्त्वाची. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कडवा कैवारी. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले हे सर्वांना ठाऊक आहे, अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षीच्या डिसेंबरातली. पण श्रोत्यांची सुई पणजीकडेही वळत होती, हे कमी सांगितलं जातं. म्हणजे भारत सरकार जे ऐकवत नव्हतं ते पोर्तुगीज सरकार ऐकवत होतं, आणि त्या गाण्यांतली व्हायोलिनं, ट्रंपेटं पुष्कळदा गोव्यातून मुंबईला गेलेल्या वादकांचीच असत. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबास्टियन डिसोझा हे गोवेकर. गोव्यातून गेलेलं संगीत मुंबईत तबकडीवर चढून पणजीच्या मनोऱ्यावरून घरी परतत होतं!

हा भाग ध्वनिपटात सविस्तर ठेवायचा. प्रतिस्पर्धी केंद्र किती चांगलं चालत होतं हे कळल्याशिवाय जंगलातल्या रेडिओपुढचं काम किती अवघड होतं ते कळत नाही. गाणी ऐकायला बसलेल्या माणसाला सुई फिरवून भाषण ऐकायला लावायचं होतं.

९ मार्च

आज बांद्याला गेलो होतो, परतताना पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात याच सीमेवर पंजाबातून आलेल्या कर्नैलसिंग यांनी गोळी झेलली. त्या दिवशी सीमेवर ठिकठिकाणी निःशस्त्र माणसांवर गोळीबार झाला. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले. रेल्वे थांबली, टपाल-तारेचे मार्ग बंद झाले, मनीऑर्डरी थांबल्या. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाचे पैसे आईला पोचेनात.

नाकेबंदीने गोवा उपाशी पडेल असा अंदाज होता. तसं झालं नाही. पोर्तुगालने बोटींनी माल आणला. बटाटे नेदरलँड्सचे, सिमेंट जपानचं. ज्यांच्या शेजारी बेळगावची बाजारपेठ होती ती माणसं युरोपातले बटाटे खात होती. पण माल समुद्रातून येतो, बातमी तशी येत नाही. वर्तमानपत्र सीमेवर अडतं, पत्र फोडून वाचलं जातं, माणसाची झडती होते. ज्याला नाक्यावर थांबवता येत नाही असा एकच मार्ग उरला होता. रेडिओ सुरू करण्यामागचं कारण एवढं साधं होतं, फलकावरही ते साधंच लिहायचं.

२३ मार्च

यंत्रं कुठून आली याचा धागा आज नीट जुळवला.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. तिथे पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच सापडले. ते दुरुस्त करून, प्रक्षेपणासाठी बदलून, ट्रकवर चढवले, आणि तेच या रेडिओचं केंद्र. पोर्तुगीजांच्याच सामानावर पोर्तुगीजांविरुद्ध बोलायचं, हा योग कोणालाही आवडेल. पण मला त्याहून मोठा योग दिसतो तो दुसराच.

दादरा-नगर हवेलीच्या त्या लढ्यात सुधीर फडके होते. तेच फडके १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला पुणे आकाशवाणीवर गदिमांच्या शब्दांना चाली देऊन गीतरामायण सादर करत होते. ते चालू असतानाच, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, आंबोलीतून नवा आवाज सुरू झाला. घाटावर लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून रामकथा ऐकत होते त्याच महिन्यांत, त्याच सह्याद्रीच्या कडेवरून, त्याच लढ्यात हाती लागलेल्या संचावरून कोणीतरी गोव्याला हाक मारत होतं. मराठी माणसाच्या आठवणीत पहिली गोष्ट घट्ट आहे, दुसरी नाही. प्रदर्शनातला एक फलक या शेजाराचा. कार्यवाह म्हणाले, विषय सोडून चाललंय. मी म्हटलं, आपल्या दालनात येणाऱ्या प्रत्येकाला यातलं एक टोक पाठ आहे, तिथूनच त्याला आत आणायचं.

२५ नोव्हेंबर ही तारीखही मुद्दाम निवडलेली. १५१० साली याच दिवशी अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला होता. पोर्तुगीज सरकार ज्या दिवसाचा उत्सव करी, त्याच दिवशी पहिलं प्रक्षेपण.

६ एप्रिल

नियम ठरवले, भाचीच्या आग्रहाने. हल्ली संगणकाला मजकूर दिला की हव्या त्या आवाजात वाचून मिळतो. एका उत्साही सभासदांनी सुचवलं की लिबियाबाईंचा तरुणपणीचा आवाज असा 'तयार' करावा. भाची ठाम नाही म्हणाली. ध्वनिपटात जो मजकूर आम्ही लिहिला तो आमच्याच आवाजात जाईल, मागे खरखर मिसळून जुना भासवला जाणार नाही. १९५५ चा वाटेल असा एकही तुकडा बनवायचा नाही.

मला पटलं. ज्या रेडिओने सहा वर्षं दुसऱ्या केंद्राचे खोटे दावे खोडले, त्याच्याच प्रदर्शनात बनावट आवाज ऐकवणं फारच वाईट दिसेल.

२० एप्रिल

आंबोलीला ध्वनिमुद्रण. पहाटे गेलो. हिरण्यकेशीच्या बाजूला पाखरांचे आवाज चांगले मिळाले, मुख्य रस्त्यालगत मात्र पर्यटकांच्या गाड्या. "इथेच तो ट्रक उभा होता" अशी पाटी धरून फोटो काढायचा नाही असं ठरलं आहे, त्यामुळे जागा शोधत हिंडण्यात वेळ घालवला नाही.

आंबोलीच का, याचं उत्तर मात्र तिथे उभं राहिलं की पायांनाच कळतं. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंची, आणि पश्चिमेला एकदम तुटलेला कडा. खाली सावंतवाडी, पुढे गोव्याची हद्द. मध्ये डोंगराची भिंत नाही. तेव्हा हा भाग मुंबई राज्यातल्या रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. वस्ती तुरळक, घाटरस्ता एकच, आणि वर्षातले चार महिने असा पाऊस की माणूस समोरचं झाड ओळखणार नाही. लपायला झकास, यंत्राला वैरी. ओल लागून ट्रान्सफॉर्मर जळू नये, तारांना बुरशी येऊ नये म्हणून काय करावं लागतं ते आंबोलीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारावं. आम्ही विचारलं. त्याने हसून कपाटात लावून ठेवलेला पिवळा बल्ब दाखवला.

११ मे

मुख्य फलक आज लिहून झाला. चार वेळा फाडला हे सांगण्याजोगं नाही, पण या फलकाशिवाय प्रदर्शनाला अर्थ नाही.

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिस हेही सोबत होते, पुढे दोघंच. केंद्राचं नाव कोंकणीत 'गोंयच्या सोडवणेचो आवाज', पोर्तुगीजमध्ये 'वोझ दा लिबेर्दादे'. प्रक्षेपण दिवसाला साधारण तासाभराचं, सकाळी, याच दोन भाषांत. कोंकणी घरोघर पोचण्यासाठी. पोर्तुगीज कशासाठी, असा प्रश्न आमच्याकडे लगेच येतो. माझ्या मते उत्तर ऐकणाऱ्यांत आहे : कचेरीतला अधिकारी, छावणीतला शिपाई, पोर्तुगीजमध्ये शिकलेला वकील-डॉक्टर वर्ग, आणि खुद्द सरकार. शत्रूशी त्याच्याच भाषेत बोललं की तो ऐकल्याचं नाकारू शकतो, समजलं नाही असं म्हणू शकत नाही.

बोलणं एक तास, मग उरलेला दिवस? ऐकणं. इथे मला या रेडिओचा खरा जीव दिसतो. एमिसोराच्या बातम्या ऐकायच्या, पोर्तुगीज सरकारचे दावे शब्दशः टिपायचे, त्यातला कोणता खोटा आणि तो कशाने खोटा ठरतो ते शोधायचं, संसदेत नेहरू काय बोलले, आफ्रो-आशियाई देशांनी काय भूमिका घेतली ते जुळवायचं, मग उत्तर लिहायचं, दोन भाषांत, आणि ठरल्या वेळी माइकसमोर बसायचं. तेही जंगलात, ज्यांना भेटायला कोणी येऊ शकत नाही अशा अवस्थेत, वर्षांमागून वर्षं.

लिबियाबाईंचं आधीचं आयुष्य वाचलं की वाटतं, याच कामासाठी घडल्यासारख्या. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत सेन्सॉर खात्यात इटालियन युद्धकैद्यांची पत्रं तपासण्याचं काम. मग मुंबई आकाशवाणीत नोकरी. जोडीने कायद्याचं शिक्षण. दुसऱ्याचं बारकाईने वाचणं, रेडिओची शिस्त, युक्तिवाद. तिन्हींची गरज आंबोलीत रोज पडत असणार.

आणि प्रतिपक्ष कच्चा नव्हता. पोर्तुगालने १९५१ साली घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला, आणि आठ दिवसांत त्यांनी भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. दावा कशाचा? दादरा-नगर हवेलीला जायच्या वाटेचा. नव्या रेडिओला महिनाही झाला नव्हता. ज्या मुलखातून त्यांचे संच आले होते त्याच्यावरच जगातल्या मोठ्या न्यायालयात खटला, आणि जंगलात बसून तो गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायचा. निकाल आला एप्रिल १९६० मध्ये. न्यायालयाने सामान्य लोकांच्या आणि मालाच्या ये-जा करण्याचा हक्क काही प्रमाणात मानला, सैन्य आणि शस्त्रांचा नाही, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असं ठरवलं. असला निकाल साध्या कोंकणीत सांगून पाहा.

भाचीने ध्वनिपटाची मांडणी यावरूनच बदलली. पहिल्या दहा मिनिटांत निवेदन कमी. फक्त एक माणूस रेडिओची सुई फिरवतोय, लिहितोय, थांबवतोय, पुन्हा लिहितोय. प्रेक्षकाला कंटाळा आला तर येऊ दे, म्हणाली.

८ जून

कॅसलरॉक.

आंबोलीहून केंद्राचा मुक्काम पुढे तिकडे हलला. लोंढ्याहून मुरगावला जाणारा मीटरगेज मार्ग इथून घाट उतरून दूधसागरच्या अंगाने कुळ्याला जाई. अलीकडे भारताचं जकात तपासणीचं स्टेशन कॅसलरॉक, पलीकडे गोव्याचं कुळें. गाड्या बंद झाल्यावर सीमेवरचं स्टेशन म्हणजे शेवट झालेला रस्ता. त्या रस्त्याने फक्त आवाज पुढे जात होता.

एक गंमत नकाशा काढताना हाताला लागली. १९५५ साली कॅसलरॉकही मुंबई राज्यातच होतं, उत्तर कानडा जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि तो जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आज प्रेक्षकाला वाटतं की महाराष्ट्रातला रेडिओ उठून कर्नाटकात गेला. खरं तर तेव्हा दोन्ही राज्यं या रूपात नव्हतीच. नकाशा १९५५ चाच लावायचा, आजच्या सीमा फिकट रेषेने.

२९ जून

श्रोते मोजायचे कसे, यावर थोडं. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने मुंबई राज्यात शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायचे, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पॉल नॉइराथ यांच्या देखरेखीखाली कोणाला काय कळलं ते मोजलं. जगभर गाजलेला अभ्यास.

त्याच वसंतात सह्याद्रीच्या कडेवरच्या रेडिओला आपला श्रोता दिसत नव्हता. तो चोरून ऐकत होता. आवाज बारीक, खिडकी लोटलेली. त्याने पत्र लिहिलं तर तोच अडकणार. पोचलं की नाही याचा पुरावा मिळायचा तो बहुधा शत्रूकडून : आपण काल बोललेल्या मुद्द्यावर आज पणजीचं केंद्र भडकलं, की समजायचं पोचलं.

२० जुलै

धुवाधार. दालनात ओल, फलकांचं काम बंद. घरी बसून रेडिओ दुरुस्ती.

एका सभासदांनी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ दिला आहे, लाकडी पेटी, पुढे हिरवा डोळा. कल्पना अशी, की ध्वनिपट स्पीकरवर न लावता याच पेटीतून ऐकवायचा. जुन्या संचांच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायला 'पिकअप'ची दोन भोकं असतात. तिथे आपला ध्वनी सोडला की रेडिओचाच वर्धक आणि रेडिओचाच कर्णा वापरला जातो. आवाजाला आपोआप पेटीचा घुमारा येतो, वेगळी जुनाट खरखर घालावी लागत नाही. सहा एप्रिलचा नियमही पाळला जातो.

दोन खबरदाऱ्या लिहून ठेवतो, कोणाच्या उपयोगी पडतील. साठ-सत्तर वर्षं बंद असलेला संच थेट विजेला जोडू नये. आतले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात, फुटतात. ते आधी बदलावेत, मग व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यावं. दुसरं, एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या काही संचांत धातूचा सांगाडा थेट वीजवाहिनीला जोडलेला असतो, हात लागला तर झटका. आमचा त्यातलाच निघाला. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी ठेवायचा नाही. ट्रान्सफॉर्मर कोल्हापूरहून मागवला. पेटीची किंमत शून्य, ट्रान्सफॉर्मरचं बिल पाहून कार्यवाह गप्प.

१७ ऑगस्ट

संच बोलला! बटण फिरवल्यावर अर्धा-पाऊण मिनिट काहीच नाही, मग व्हॉल्व्ह तापले आणि आवाज खालून वर आला. हा वेळ कापायचा नाही असं भाचीने सांगितलं. आताच्या पोरांना बटण दाबलं की आवाज हवा असतो, त्यांना थांबू दे.

५ ऑक्टोबर

डिसेंबर १९६१ चा फलक. इथे सगळेच खूश, कारण विमानं आली.

गोव्यातल्या भारतीय सैन्याच्या कारवाईच्या आधी रेडिओ बेळगावला आणला गेला. त्यावरून गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना शरणागतीचं आवाहन केलं गेलं. तिकडे सालाझारचा हुकूम नेमका उलटा होता, शेवटपर्यंत लढा, शरणागती नाही. दोन आवाज एकाच माणसाच्या कानावर. १८ डिसेंबरच्या सकाळी हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी निकामी केली, आणि सहा हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र रॉकेटं आणि तोफांनी उडवलं. सहा वर्षं ज्याच्याशी वाद घातला तो आवाज असा थांबला, वादाने नव्हे. हे मी फलकावर तसंच लिहिलं आहे. काहींना ते रुचलेलं नाही.

बांबोळी गेल्यावर लिस्बनशी संपर्क राखायला पोर्तुगीजांकडे एक युद्धनौका उरली. तिचं नाव अफोन्सो द आल्बुकर्क. त्याच दिवशी भारतीय नौदलाशी झालेल्या लढाईत ती जबर मार खाऊन किनाऱ्याला लागली. आल्बुकर्कच्या विजयदिनी सुरू झालेल्या रेडिओच्या शेवटच्या दोन दिवसांत आल्बुकर्क नावाचं जहाज. असं कोणी कादंबरीत लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

१९ डिसेंबरच्या रात्री शरणागतीवर सही झाली. त्यानंतर वामन आणि लिबिया यांना लाउडस्पीकर लावलेल्या हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर फिरवण्यात आलं. पत्रकं टाकली, आणि गोवा मुक्त झाल्याचं, ४५१ वर्षांची परकी सत्ता संपल्याचं खालच्या लोकांना सांगितलं. भाचीचं निरीक्षण : सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपले श्रोते डोळ्यांनी दिसले असतील, आणि तेही मुंग्यांएवढे. ध्वनिपटात हे वाक्य तिच्याच तोंडी ठेवलं आहे.

२ नोव्हेंबर

तिसरं प्रकरण. याला जागा कमी आहे, तरी टाळता येत नाही.

आकाशवाणीचं पणजी केंद्र सुरू झालं ९ जानेवारी १९६२ ला. मुक्तीला तीन आठवडे झाले होते. शहर तेच, श्रोते तेच, रेडिओच्या पेट्याही त्याच. जंगलातल्या रेडिओची गरज संपली. लिबियाबाई गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. दोघांनी १९६४ मध्ये लग्न केलं. वामन सरदेसाई पुढे अंगोलात भारताचे राजदूत होते, म्हणजे पोर्तुगालच्याच एका जुन्या वसाहतीत. त्यांना पद्मश्री मिळाली १९९२ साली, पत्नीच्या तेहतीस वर्षं आधी. काम एकाच ट्रकमधलं.

पणजी आकाशवाणीची मराठी वाचकाला ओळख पटते ती बा. भ. बोरकरांमुळे. पुणे आणि पणजी अशा दोन्ही केंद्रांवर त्यांनी नोकरी केली, आणि मराठी-कोंकणी दोन्हींत लिहिलं. मुक्त गोव्याच्या रेडिओपुढे आता सेन्सॉर नव्हता, पण घरातलाच मोठा वाद होता : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. सावंतवाडीत हा आकडा फलकावर लावायचा म्हटल्यावर दोन ज्येष्ठ सभासदांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. आमच्याकडे अजून तो कालचा निकाल आहे. तरी लावला. कोंकणी ऐकणारा श्रोता १९५५ मध्येही होता हे आपल्याच प्रदर्शनात तीन फलक आधी लिहिलंय, मग इथे का अडखळायचं?

 

३० नोव्हेंबर

मांडणीची तालीम. प्रवेशाशी धुकं. डावीकडे एमिसोरा, उजवीकडे आकाशवाणी, मध्ये टेबलावर पेटी. भिंती समोरासमोर ठेवल्याने आपोआप एक गोष्ट झाली : मधल्या पेटीपाशी उभं राहिलं की दोन्ही सरकारी केंद्रं अंगावर येतात.

ध्वनिपट एकतीस मिनिटांचा झाला. पहिली दहा मिनिटं ऐकण्याची आहेत ती तशीच. एका शिक्षकांनी सुचवलं की मुलं इतका वेळ बसणार नाहीत, विमानाचा भाग आधी घ्या. घेतला नाही. त्याऐवजी पेटीसमोर वही-पेन्सिल ठेवली आहे. ऐकताना जे खोटं वाटेल ते टिपा, एवढंच वर लिहिलं आहे. ध्वनिपटात आम्ही पोर्तुगीज प्रचाराच्या धर्तीवर स्वतः लिहिलेली तीन वाक्यं आमच्याच आवाजात घातली आहेत, आणि ती आम्ही लिहिलेली आहेत हे निवेदनात सांगितलं आहे. मुलांनी ती पकडायची.

२१ डिसेंबर

परवा उद्घाटन झालं, भाषणं नेहमीपेक्षा आटोपशीर. काल-आज शाळांच्या रांगा. वह्यांमध्ये मुलांनी आमची तीन वाक्यं तर पकडलीच, शिवाय आमच्याच निवेदनातल्या दोन वाक्यांवर प्रश्नचिन्ह लावलं. 'सगळा गोवा ऐकत होता' या वाक्यावर एका मुलीने लिहिलं आहे : सगळा? सगळ्यांकडे रेडिओ होते का? भाची आज रात्री ते वाक्य बदलते आहे.

बांद्याच्या आणि दोडामार्गच्या शाळांना जानेवारीत प्रदर्शन न्यायचं आहे. फलक टेम्पोत मावतात. पेटी मात्र मांडीवरच न्यावी लागेल, आणि ट्रान्सफॉर्मरसाठी दोन्ही शाळांत अर्थिंग असलेला प्लग आहे का ते उद्या फोन करून विचारायचं.